साडूंच्या घड्याळावर दोन सह्या

जगात एकही वस्तू निर्दोष नाही हे सिद्ध करण्यासाठीच आमच्या थोरल्या साडूंचा जन्म झाला असावा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली, म्हणजे आलेला माल पास की नापास हे ठरवण्यात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी माल अजून येतोच आहे. भाजीच्या गाडीवरची वांगी ते एकेक करून उजेडात धरतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब ठोकून पाहिले आणि मुहूर्ताला तासभर उरला असताना दोन खांब बदलायला लावले. मुलाकडचे पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी मी साडूंना काहीतरी काम काढून नंदिनी नगरला पाठवलं होतं, नाहीतर मुलगी अजून घरातच असती.

असल्या माणसाला दोन वर्षांपूर्वी स्विस घड्याळ घ्यायची हुक्की आली. तेही साधंसुधं नाही. समुद्रात बुडी मारणारे लोक बांधतात ते, सेलशिवाय चालणारं, आणि नवं परवडत नाही म्हणून कुणीतरी वापरलेलं. साडूंना पोहता येत नाही. शिवनाथ नदीच्या काठावरसुद्धा ते पाण्यापासून चार हात लांब उभे राहतात. "भाऊजी, तुम्हाले कावून पाहिजे ही घडी?" मी वैतागून विचारलं. "अंधारात दिसते," ते म्हणाले. पाण्याखाली काळोख असतो, म्हणून या घड्याळांचे काटे जाडजूड असतात आणि त्यांवर रेडियमही भरपूर असतं, हे त्यांनी कुठून तरी वाचलं होतं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, आणि कमी उजेडातलं दिसणं आधी जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मले दुसरं काही नाही पाहिजे. किती वाजले हे कोणाले विचारायची पाळी नाही आली पाहिजे," ते म्हणाले. मी स्कूटर काढली. पुढचं दीड वर्ष माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

साडूंची घड्याळ तपासायची रीत अशी. विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात बसायचं, चहा नाकारायचा, आणि पिशवीतून छापील तक्ता काढायचा. डायलभोवतीचं कडं नखानं फिरवून त्याच्या एकशेवीस टिचक्या मोजायच्या. कुणी मधे बोललं की पुन्हा एकपासून. मग घड्याळ पाच मिनिटं बल्बखाली धरायचं आणि निरोप समारंभात मिळालेली शाल डोक्यावरून घेऊन, घड्याळासकट आत गडप व्हायचं. परक्याच्या सोफ्यावर शालीचं ते गाठोडं हलत असताना यजमानाशी काय बोलावं हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. बाहेर आले की ते तक्ता भरत आणि माझ्यापुढे सरकवत. "तू बी पाह्य. इन्स्पेक्शनले दोन सह्या लागते." मी आयुष्यभर कारखान्याच्या हजेरी विभागात कारकुनी केलेली. बोट ठेवाल तिथे सही करायची, ही माझी सवय. मी कधी शालीत शिरलो नाही. बोट दिसलं की सही करायचो आणि स्कूटरची किल्ली शोधायचो.

पहिलं घड्याळ एक टिचकी नरम लागली म्हणून गेलं. दुसऱ्याच्या काचेवर केसाएवढी रेघ होती, ती मला भिंगातूनही दिसली नाही. त्यानंतरची चार घड्याळं एकाच शेऱ्यावर नापास झाली. रेडियम मेलं. दुर्गचा एक पोरगेलासा व्यापारी हात जोडून म्हणाला, "अंकल, इतना देखकर तो लोग दामाद भी नहीं लेते." वैशाली नगरचे एक गृहस्थ तर आम्हाला सोडायला दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. परतताना मी स्कूटरवरून ओरडायचो, "भाऊजी, डोळे थांबणार हाय का तुमच्यासाठी?" मागून उत्तर यायचं, "म्हणून काय खराब माल घेऊ?"

सातवं घड्याळ नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासच्या सरांचं होतं. टिचक्या एकशेवीस भरल्या, काच स्वच्छ निघाली. साडू शालीत गेले, बराच वेळ आत राहिले, बाहेर आले आणि लिहिलं, रेडियम मेलं. मी पेन उचललं. सर दुखावल्यासारखे म्हणाले, "साइन आप भी कर रहे हैं, एक बार देख तो लीजिए." केवळ त्यांचं मन राखायला मी शाल ओढून घेतली.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि घड्याळ लख्ख पेटलेलं होतं. बाराही खुणा आणि दोन्ही काटे, हिरवेगार. माझी बोटंसुद्धा त्या उजेडात दिसत होती. मी घड्याळ फिरवून पुन्हा एकदा पाहिलं आणि शाल बाजूला केली.

"मेलं ना?" साडूंनी विचारलं.

"नाही भाऊजी. चमकून राहिलं."

"लय?"

"लय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मंग मागच्या चार बी चमकत होत्या का?"

"मले नाही माहीत. मी पाह्यलंच नाही."

ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शालीची नीट घडी केली, तक्त्यावरचा शेरा खोडला, आणि सरांना म्हणाले, "माल पास हाय." घड्याळ त्यांनी तिथेच मनगटावर बांधलं.

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो. घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जातं, ही तक्रार अंगणातल्या खुर्चीवर बसून ऐकतो. वेळ ते कधी विचारत नाहीत. उजेड उतरला की मीच उठता उठता म्हणतो, "चला, पावणेसात झाले." ते मनगट डोळ्यांपाशी नेतात, इकडेतिकडे वळवतात आणि म्हणतात, "हो, पावणेसातच. बरोबर दाखवून राहिली." मागच्या महिन्यात एकदा मी घाईत तासाभराची चूक केली, पावणेआठ म्हणालो. त्यांनी मनगट वर नेलं, वळवून पाहिलं, आणि म्हणाले, "हो, पावणेआठच." तेव्हापासून मी आधी मोबाइल नीट बघतो आणि मगच वेळ सांगतो.