हापशीवरचा उमेदवार

नागपूरला मेडिकलच्या प्रवेशाआधी शारीरिक तपासणी असायची. तिथं एका उमेदवाराचं वजन थोडं कमी भरलं, म्हणून त्याला दुपारी पुन्हा बोलावलं होतं. तो हापशीखाली ओंजळ धरून पाणी पीत होता आणि दांडा मी मारत होतो. मधूनच तो पोटावर हात फिरवून अंदाज घ्यायचा. मला हसू आलं.

"हासवू नको गा, वजन सांडन," तो म्हणाला. "तुही तपासणी झाली काय?"

"नाही. मी वेटिंगवर पहिला आहो. तू नापास झाला, तं माहा नंबर लागन."

त्यानं तोंड पुसलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा ओंजळ पुढं केली.

"मंग थांबला काहून? हापस ना."

मी हापसलं. दुपारी तो पास झाला. आता कुठंतरी डॉक्टर असेल. त्यातला किलोभर डॉक्टर माझ्या हातचा आहे.