कुंकू माझं नाही, साहेब

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. खून, दरोडे, फसवणूक, सगळं पाहिलं. त्या फायली बंद झाल्या आणि माझ्या डोक्यातूनही गेल्या. ही मात्र गेली नाही, आणि प्रकरण म्हणाल तर एका झाडाच्या चोरीचं.

निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिली होती. मी सब-इन्स्पेक्टर होतो. विद्यानगरच्या एका बंगल्यातलं चंदनाचं झाड चोरीला गेल्याची तक्रार आली. घरातली माणसं चार दिवस मुलीकडे गेली होती. परत येऊन बघतात तर आवारात नुसता बुंधा. पंचनाम्याला गेलो तेव्हा मी धरूनच चाललो होतो की चोरी रात्रीची असणार. शेजारच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. ते भिंतीवरून इथल्या दखनी हिंदीत म्हणाले, "रात कू कायकू साब? दिन कू कटा ना, सोमवार कू ग्यारा बजे. मैं खुद उसकू पानी पिलाया."

"किसकू?"

"झाडवाले कू. और किसकू?"

झाडवाला कोण हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. पन्नाशीचा माणूस, मूळचा नांदेडकडचा, काचीगुड्याच्या स्टेशनामागे राहणारा. कुणाचा नोकर नाही, कंत्राटदार नाही. सायकलला दोर, कोयता, आरी आणि लांब कातरी बांधायची, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालायचं आणि निघायचं. तारांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, मेंदीची कुंपणं कातरायची. त्याची एक पद्धत होती. कामाच्या आदल्या दिवशी तो येऊन झाड नीट बघायचा. घरटं कुठं आहे, फांदी कुठं पडेल, खाली काय आहे. बघून झालं की झाडाला एक पांढरी चिंधी बांधून जायचा. चिंधी दिसली की घरच्यांनी समजायचं, उद्या हा येणार, गाडी हलवून ठेवा.

त्या बुंध्यालाही पांढरी चिंधी होती आणि तिच्याखाली हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. संध्याकाळी आमच्या खबऱ्यानंही त्याच माणसाचं नाव घेतलं. मी खूश झालो. म्हटलं, चला, हा तर हातचा मळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका घराचं कुंपण कातरत असताना आम्ही त्याला उचललं. चौकशीला सुरुवात केली.

"सोमवारी अकरा वाजता कुठं होतास?"

"सोमवार... म्हणजे जांभळाचा दिवस का, साहेब?"

"कसलं जांभूळ?"

"जांभूळ उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंचेची फांदी होती. सोमवार त्यातला कुठला ते ध्यानात नाही."

एक तास मी त्याला वार विचारत होतो आणि तो मला झाडं सांगत होता. माझं डोकं गरगरायला लागलं. शेवटी दोन शिपाई जांभूळ शोधायला पाठवले. जांभळाच्या मालकिणीला दिवस आठवेना, चिंचेच्या घरी कुलूप. मग मी चिंधी टेबलावर ठेवली.

"ही तुझी?"

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "माझ्यासारखीच आहे. पण कुंकू माझं नाही, साहेब."

"कुंकवाचं काय एवढं? ते कुणीही लावतं."

"आमच्यात नाही लावत."

मला वाटलं, हा फाटे फोडतोय. मोठ्या गोष्टीचं उत्तर टाळायचं असलं की माणूस बारक्या गोष्टीवर अडून बसतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो.

मास्तर धरून साक्षीदार चार होते आणि चौघंही ठाम. ठाण्यातल्या ठाण्यात मी त्याच्यासकट सहा माणसं ओळीनं उभी केली आणि मास्तरांना ओळखायला सांगितलं. मास्तर दोनदा ओळीवरून फिरले आणि साध्या कपड्यातल्या आमच्याच हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. हवालदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, "मास्टरसाब, चेहरा देखे थे ना तुम?"

"चेहरा कायकू देखना? टोपा था, रस्सी था, आरा था. झाडवाला नईं तो क्या डॉक्टर था?"

आता मला सांगा, यावर काय करायचं? अटक दाखवण्याइतका पुरावा नाही, सोडून द्यायची छाती नाही. आम्ही सगळेच करतो ते मी केलं. रोज सकाळी त्याला बोलवायचं आणि संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसवून ठेवायचं. कोठडीत टाकलं नाही, हात उगारला नाही. माझ्या मते मी त्याच्यावर उपकारच करत होतो.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. "साहेब, मला आत टाका."

"वेडा झालास का?"

"हा बाक रस्त्यावरून दिसतो. कालपासून माझी सात गिऱ्हाइकं इथून गेली. माझं काम फाटकाच्या आतलं आहे. घरात बायामाणसं एकटी असतात, तरी मला आत घेतात. एकदा फाटक बंद झालं की संपलं, साहेब. आत टाका, निदान दिसणार तरी नाही."

कोठडीत टाकायचं तर अटकेची नोंद करावी लागते, ती मला करायची नव्हती. मी म्हटलं, "बस गप." आज हे लिहितानाही लाज वाटते.

त्याच दुपारी त्याच्या घराची झडती घेतली. दोन खोल्या. आरी सापडली, कोयते सापडले, चंदनाचा तुकडा नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढं मेणबत्ती. त्याची बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. शिपाई डबे उघडायला लागले तशी ती म्हणाली, "नीट शोधा, दादा. आमच्या घरात कुंकवाची डबी घावली तर मलापण दाखवा."

मी तिथेच थांबलो. माझे आजोबा मराठवाड्यातली शेती सोडून या शहरात आले. आमच्या गावात बौद्ध वस्ती होती, सुट्टीत मी त्या पोरांत खेळलो आहे. त्यांच्यात हळदीकुंकू लावत नाहीत हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक. तो माणूस माझ्या भाषेत, माझ्यासमोर, स्वच्छ सांगत होता आणि मला ऐकू आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ठाण्यात येऊन इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं. ते हसले. "अरे, होशियार है वो. तुमकू चकमा देने कू लगाया होंगा." मी पुन्हा चाट पडलो. हेही खोटं ठरवता येईना.

मग मी त्याला घेऊन बुंध्यापाशी गेलो. म्हटलं, तुझ्या धंद्यातलं काय दिसतंय ते सांग. तो उकिडवा बसला, बोटानं खालची माती झटकली आणि बुंध्यावरचा मेणाचा एक ठिपका नखानं काढला. आत करंगळी जाईल एवढं भोक.

"गिरमिट मारलंय. आधी भोक पाडून बघतात, आत गाभा पिकलाय का. मग मेण लावून बुजवतात आणि सवडीनं येऊन कापतात. हे भोक पंधरा दिवसांचं तरी असेल. साहेब, बाकीची चंदनं बघून घ्या."

"बाकीची कुठं आहेत?"

त्यानं बोटांवर मोजत सहा घरं सांगितली. कुठल्या घरी, कुठल्या कोपऱ्यात, किती जाडीचं. चोराला जे माहीत असायला हवं ते सगळं याला माहीत! मी याच्यावर विश्वास ठेवतोय की याच्या जाळ्यात जातोय, काही कळेना. तरी घरं पाहिली. नल्लकुंट्यातल्या एका चंदनाला ताजं मेण लावलेलं होतं.

तिथे साध्या वेशात माणसं बसवली. घरचे दिवसा कामावर जाणारे. चौथ्या दिवशी सकाळी अकराला दोघं आले. डोक्यावर पिवळी हेल्मेटं, खांद्यावर दोर. फाटक उघडून आत गेले, झाडाला पांढरी चिंधी बांधली, खिशातून कागदाची पुडी काढून कुंकू लावलं आणि आरी काढली. धरल्यावर त्यातला एक म्हणाला, "चिंदी देखे तो कोई पूछता नईं साब. पूजा किए तो और बी नईं पूछता." झाडवाल्याची चिंधी त्यांनी हेरली होती. ती कामाची खूण आहे हे त्यांना समजलं नाही. त्यांना ती पूजा वाटली, म्हणून त्यांनी ती आपल्या परीनं पुरी केली.

तोपर्यंत तो माणूस त्या बाकावर आठ दिवस बसला होता. मी त्याला म्हटलं, "जा, सुटलास." तो गेला.

दोन महिन्यांनी कळलं की त्याला कुणी काम देत नाही. चोर पकडले गेले हे लोकांनी वाचलं होतं. पण बाकावर बसलेला तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मला चैन पडेना. एका रविवारी सकाळी त्याला माझ्या घरी बोलावलं. दारात बदामाचं झाड आहे, म्हटलं छाटून द्या, गल्लीतले लोक बघतील. तो झाडाभोवती फिरला, वर बघितलं आणि म्हणाला, "याला आत्ता हात लावायची गरज नाही."

"अहो, दोन फांद्या तरी उतरवा. लोकांना दिसू दे."

"लोकांना दाखवायला झाड तोडू होय, साहेब?"

मग दुसरी अक्कल सुचली. गणवेश चढवला आणि त्याला बरोबर घेऊन घरोघरी निघालो. प्रत्येक फाटकाशी उभा राहून सांगितलं, हा निर्दोष आहे, मी हमी देतो. मास्तर लगबगीनं बाहेर आले. "हौ साब, मेरेकू तो पैलेच मालूम था!" त्यांच्या कुंपणाची मेंदी हातभर रस्त्यावर आली होती. मी म्हटलं, मग कातरून घ्या. मास्तर फाटकाची कडी धरून म्हणाले, "अब्बी नक्को. बाद में बोलतूं." नऊ घरं झाली. सगळ्यांनी मला चहा विचारला. त्याला एकानंही काम दिलं नाही.

कोपऱ्यावर आल्यावर तो थांबला. "साहेब, तुमचं मन चांगलं आहे. पण उद्यापासून येऊ नका. तुमच्याबरोबर दिसलो की लोकांना वाटतं, पुन्हा काहीतरी झालं." आणि सायकलवर बसून निघून गेला. पुढे तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला असं ऐकलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. साक्षीदार माणसाचा चेहरा बघत नाही, त्याची हत्यारं बघतो, हे एक. संशयित बारक्या गोष्टीवर अडून बसला तर आधी तीच ऐकावी, हे दुसरं. एवढं मी ठामपणे सांगू शकतो. पण माणसाला ठाण्यात कसं आणायचं ते मला नोकरीनं शिकवलं, त्याला परत त्याच्या जागी कसं नेऊन सोडायचं ते कुणी शिकवलं नाही. मला ते अजूनही कळलेलं नाही.