मी ताणून बांधलेली जाळी

सलग दुसऱ्या दिवशी माझ्या तिन्ही जाळ्यांत वाळक्या पानांशिवाय काही आलं नाही. दर वीस मिनिटांनी मी जाऊन बघत होतो आणि वहीत शून्य लिहीत होतो. वरच्या ओढ्यावर वैशाली मॅडमच्या जाळ्यांत मात्र रोज दहा-बारा पक्षी येत होते. मला वाटलं, मला दिलेली जागाच पनवती आहे.

मी सोलापूरचा. पस्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग चालता ठेवणारा माणूस. तार तुटली, धोटा अडकला, ताण बिघडला की विणकर हाक मारणार आणि जॉबर पळणार. एक तार ढिली राहिली तरी चादरीत रेघ दिसते आणि अख्खा पीस रिजेक्ट होतो. त्यामुळे ढिलं सूत नजरेला पडलं की माझे हात शिवशिवतात.

वैशाली कुर्डुवाडीची, वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. पोरगी शिकून पक्ष्यांची संशोधक झाली आणि कर्नाटकातल्या घाटात, सदाहरित जंगलात काम करू लागली. माझ्या रिटायरमेंटच्या आदल्या वर्षी ती पक्षी पकडायची फाटकी जाळी घेऊन कारखान्यात आली होती. धागा केसासारखा बारीक. नवीन जाळी बाहेरच्या देशातून यायला महिने लागतात म्हणे. मी ती दुरुस्त करून दिली. तिने उजेडाकडे धरून सांधा शोधला, तिला सापडला नाही.

"मामा, रिटायर झाल्यावर जंगलात येता का? पगार न्हाय, जेवण हाय," ती म्हणाली.

बायको म्हणाली, "जा. घरात बसून खिडक्यांच्या कड्या ठोकत बसण्यापेक्षा बरं."

तर मी व्हॉलंटिअर म्हणून गेलो. तिथलं काम सोपं सांगायचं तर असं. पक्षी जाळ्यात आला की हळूच सोडवायचा, पायात नंबर कोरलेलं हलकं कडं घालायचं, वजन करायचं, सोडून द्यायचं. पुढे तोच नंबर पुन्हा सापडला तर कळतं की पक्षी त्याच जागी परत येतो. वैशालीचं सगळं काम एका पक्ष्यावर होतं, तिबोटी खंड्यावर. मुठीत मावेल एवढा, पण केशरी, जांभळा, निळा, असे सगळे रंग त्यानेच घेतलेले. दोन हंगाम ती त्यांना कडी घालत होती. कडं घातलेला एकही परत सापडला नव्हता.

"या खेपेला एक तरी घावला पायजे, मामा. न्हायतर पुढच्या वर्षाची मंजुरी मिळत न्हाय, काम बंद," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हातात आठ दिवस होते, आणि त्यातले दोन मी शून्य लिहून घालवले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः खाली आली. जाळ्यासमोर उभी राहिली आणि बोटाने टिचकी मारली. जाळं तंबोऱ्यासारखं वाजलं.

"मामा, हे कुणी वढलं?"

"मीच," मी अभिमानाने सांगितलं. "फार झोळ पडला होता. दोन्हीकडचे बांबू लांब रोवून सगळा काढला."

ती म्हणाली, "अवो मामा, झोळच तर पायजे की! पक्षी धडकतो आन् त्या झोळीत पडतो. तुमी तर भिंत बांधलीया."

म्हणजे दोन दिवस पक्षी येत होते, कॅरमची सोंगटी कडेला आपटून परत फिरावी तसे फिरून जात होते. आमच्याबरोबरचा तिथला वाटाड्या मंजप्पा मागेच उभा होता. मी त्याला कन्नडमध्ये विचारलं, "तू दोन दिवस बघतोयस, बोलला का नाहीस?"

तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं, सोलापूरची पद्धत असेल."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. वैशाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने बांबू जवळ आणले, प्रत्येक थराला झोळी कशी पडू द्यायची ते दाखवलं. मी ते मुकाट्याने केलं. सूत मुद्दाम ढिलं सोडताना जिवावर येत होतं, पण त्याच दिवशी माझ्या वहीत नऊ पक्षी लागले.

सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मधल्या जाळ्यात तिबोटी खंड्या आला. पण वाईट अडकला होता. धडपडून दोनदा गिरकी खाल्लेली, एक पंख आवळलेला, मानेभोवतीचा धागा पिसांत रुतलेला. आणि पायात कडं चमकत होतं.

माझी हाक ऐकून वैशाली धावत आली. नियम स्पष्ट होता. पाच मिनिटांत सुटला नाही तर जाळं कापायचं. पण मानेवरचा धागा दिसतच नव्हता, मग कात्री लावायची कुठे? हजारो पक्षी सोडवलेली ती पोरगी, पण कात्री उघडून तशीच धरून होती.

"मामा, कडं हाय त्याच्या पायात," एवढंच ती म्हणाली.

मी म्हणालो, "पोरी, कात्री राहू दे. तू नुसतं धर."

गुंता जिथे घट्ट दिसतो तिथे जॉबर कधी हात घालत नाही. तो कुठून सुरू झाला ते बघतो. मी चष्मा कपाळावर चढवला आणि धाग्याची वाट धरली. पक्षी तिच्या बाजूने शिरला होता, पण खालच्या दोरीवरून उलटा फिरून माझ्या बाजूला आला होता. वैशाली आपल्याच बाजूने सोडवायला बघत होती. आधी पलटी काढायला हवी होती.

"तुझ्याकडं नाही, माझ्याकडं फिरव. सावकाश. बास."

मंजप्पा घड्याळ बघून मिनिटं मोजत होता. "येरडु." दोन झाली. पाय सुटले. "मूरु." पंख सुटला. मानेचा फास राहिला होता. माझ्या खिशात मागाच्या फणीतून तार ओढायचा चपटा, बोथट हूक असतो, रिटायर झालो तरी असतो. तो पिसांखालून सरकवला आणि धागा उचलला. चौथं मिनिट संपायच्या आत पक्षी तिच्या मुठीत होता, डोळे टक्क उघडे.

तिने नंबर दोनदा वाचला. मंजप्पाने जुनं रजिस्टर उघडलं. दोन वर्षांपूर्वी, याच ओढ्यावर, तिच्याच अक्षरात तो नंबर लिहिलेला होता. वजन करून तिने मूठ उघडली आणि खंड्या सरळ पाण्यावरून निघून गेला. ती तिथेच दगडावर बसली आणि रडायला लागली. "आला की वो मामा, परत आला!"

मी आयुष्यात लाखो तारा सांधल्या असतील. त्यातल्या एकीसाठीही मला असं वाटलं नव्हतं. छाती भरून आली होती, हे सांगायला मला लाज नाही.

काम मंजूर झालं. रिपोर्टमध्ये माझं नाव घालताना वैशालीने फोन करून विचारलं, "मामा, हुद्दा काय लिवू? टेक्निकल असिस्टंट?" मी म्हणालो, "जॉबर लिही." तिने तसंच लिहिलं. तो कागद मी कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवून आलो.

व्हॉलंटिअर म्हणून कुठे जाणार असाल तर माझं एवढं ऐका. आपलं कौशल्य पहिले दोन दिवस खिशातच ठेवा. घरी मात्र ठेवून जाऊ नका.