दोष हंड्याचा नव्हता

माझ्या थोरलीच्या हातून कप सुटायला लागले तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहत होतो. गिरणी बंद पडलेली, मी वॉचमनकी करत होतो. घरात आम्ही दोघं आणि दोन मुली. आदल्या साली थोरलीला कावीळ झालेली. ती गावठी औषधाने उतरली, तशी बायकोने माहेरचा तांब्याचा हंडा काढला. संध्याकाळी भरायचा आणि सकाळी अनशापोटी ते पाणी पोरीला पाजायचं. लिव्हरला चांगलं, असं आमच्यात सगळेच म्हणत. पोरही हौशी. चिंच-मीठ लावून हंडा स्वतः घासायची, तोंड दिसेल असा.

पुढे तिचे हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अभ्यास नको म्हणून सोंग करते. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे. मी दोघींनाही गप्प केलं आणि पोरीला मोठ्या इस्पितळात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारून मला जवळ बोलावलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं होतं.

"काका, खाण्यातलं जास्तीचं तांबं आपलं शरीर बाहेर टाकतं. हिचं टाकत नाही. लिव्हरमध्ये साठलं, आता मेंदूत चाललंय."

"म्हणजे हंड्याने केलं?"

"हंडा बंद करा. पण दोष हंड्याचा नाही, हे जन्माचं आहे. निम्मं तुमच्याकडून आलं, निम्मं आईकडून."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"एकट्या निम्म्याने काही होत नाही, म्हणून दिसलं नाही. हिच्यात दोन्ही आली. धाकटीलाही आणा, तपासू."

घरी बायको कपाळ बडवत होती. "माझ्या माहेरच्या हंड्याने खाल्लं हो पोरीला!"

मी चौथी शिकलेला, पण घराण्याचा ताठा मोठा. तरी बोललो, "हंड्याने नाही गं. निम्मं माझं आहे, निम्मं तुझं."

तिने कपाळावरचा हात काढला. मग म्हणाली, "धाकटीला नेऊ नका. चार लोकांत नाव झालं तर तिला करील कोण?"

"जगली तर करील ना कोणीतरी!"

धाकटी तेव्हा चाळभर उड्या मारत फिरायची. तरी तपासात तिच्यातही तेच निघालं. दोघींना एकच कॅप्सूल सुरू झाली, साठलेलं तांबं लघवीवाटे काढणारी. इथे सहज मिळायची नाही, डॉक्टरीणबाई कुठून कुठून मागवून द्यायच्या. धाकटीला लागू पडली. थोरलीला उशीर झाला होता. आधी तिचं चालणं गेलं, मग गिळणं. शेवटी ती नुसती बघायची, आणि मला ते कडं आता लांबूनही दिसायचं.

ती गेल्यावर धाकटीने एका सकाळी कॅप्सूल हातात धरून विचारलं, "बाबा, ताईला पण हीच होती ना? मग मी कशी राहिले?"

मी म्हणालो, "पाणी पी आधी."

ताईचं आधी कळलं म्हणून तू वाचलीस, हे तिला सांगायला माझी जीभ अजून वळलेली नाही. आता ती दोन मुलांची आई आहे, तिचं तिला कळलं असेल. हंडा माळ्यावर आहे, काळा पडलेला. मोडीत घालायचं नाव काढलं की बायको उठून आत जाते.