पूजा झालेलं पेडल

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक हेच आमचे मुख्य गायक होते. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. अंबडला त्यांचं मंडप आणि साउंडचं गोदाम आहे. लग्नं, जयंत्या, दुकानांची उद्घाटनं यांना ते मंडप देतात आणि मंडपासोबत स्वतःचा आवाजही देतात. आवाज वाईट नाही. पण कडव्यांच्या मधलं संगीत चालू असताना ते समोरच्या कुणाला तरी नमस्कार करतात, हार घेतात, रुमालाने मान पुसतात, आणि मनात येईल तिथे पुढची ओळ उचलतात. त्यांनी जिथे तोंड उघडलं तिथे सम मानायची, हे माझं काम. मी रिदम गिटार वाजवायचो, म्हणजे गाण्याखाली कॉर्डचा, एकत्र छेडलेल्या सुरांचा, ठेका धरायचो. मी तिकडे वळलो की इलेक्ट्रॉनिक ढोल वाजवणारा ऑक्टोपॅडवाला वळायचा, त्याच्यामागे बेस गिटार, आणि लोकांना वाटायचं की गाणं असंच आहे. शाळेत मराठी शिकवत असल्यामुळे दुसऱ्याच्या चुका झाकून पुढे जायची मला सवय होतीच.

लीड गिटारवर गाण्याची धून वाजवणारे 'सर' जालन्यात गिटारचा क्लास चालवत. ते महिनोन्‌महिने आम्हाला एका यंत्राचे व्हिडिओ पाठवत होते. प्रत्येक व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ भिंतभर गिटारींसमोर बसून एकच सूर छेडायचा, डोळे मिटायचा, आणि डोळे उघडल्यावर खरेदीची लिंक खाली दिली आहे असं सांगायचा. सर त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. गाभाऱ्यात बोलल्यासारखं.

एका रविवारी सकाळी ते यंत्र गोदामात आलं. पाटाएवढं काळं लोखंड, वर गोल बटणांच्या दोन ओळी, मध्ये छोटा पडदा आणि एका कडेला गाडीच्या क्लचसारखं पेडल. गिटारची वायर यात घालायची, आणि जगातल्या नामांकित अँप्लिफायरपैकी ज्याचा हवा त्याचा आवाज बाहेर काढायचा. ते घ्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवायला आम्ही तीन गिटारवाले आणि मालक असे बसलो होतो. तिसरा म्हणजे आमचा बेसवाला. तो केदारखेड्याहून पाठीला बेस बांधून मोटरसायकलवर येतो.

सरांनी एकच तुकडा दोन आवाजांत वाजवला.

"हा लंडनचा अँप," ते म्हणाले.

"आन् आधीचा?" बेसवाल्याने विचारलं.

"तो अमेरिकेचा."

"दोघांला बी सर्दी झाल्यावानी वाटून राह्यलं."

"कान तयार लागतात त्याला."

"ते हाय म्हना. पर लंडनला कवा गेल्ते सर तुम्ही?"

सरांनी पडद्यावर अँप्लिफायरचं चित्र आणून दाखवलं. चित्रात अँप्लिफायर जुना दिसावा म्हणून त्याचं कापड थोडं फाटलेलं दाखवलं होतं. मला त्या कारागिरीचं कौतुक वाटलं. आमच्या गोदामात खरंच फाटलेल्या कापडाचा अँप्लिफायर कोपऱ्यात पडून होता, आणि त्याची आम्हाला लाज वाटत होती. शिवाय आमच्या मंडपातल्या स्पीकरमधून लंडन, अमेरिका आणि परतूर एकाच आवाजात बाहेर पडतात, हे मी बोलून दाखवलं.

"गुरुजी, तुम्ही नव्याला विरोध करता," सर म्हणाले.

मग त्यांनी बोटाने एक बटण दाबून नुसता एक कॉर्ड छेडला, आणि तो कॉर्ड रिकाम्या पत्र्याच्या गोदामात असा काही पसरला की बेसवाला खुर्चीत सरळ बसला. वाईट गोष्ट म्हणजे तो आवाज खरोखर चांगला होता. मीही नकळत मान डोलावली.

डोलावायला नको होती, कारण पुढच्याच मिनिटाला सर यंत्रातल्या लूपरकडे वळले. चार कॉर्ड एकदा वाजवायचे, सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबायचं, की यंत्र ते चार कॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. त्यावर सर आरामात लीड वाजवू शकतात.

"म्हणजे रिदमला माणूस नको," मालक म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. यंत्र ठेवायचं ठरलं.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रात आलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. ढोलकीची झाली, कीबोर्डची झाली, मिक्सरचीही झाली. एकदा पूजा झाली की त्या वस्तूला पाय लागू द्यायचा नाही, आणि लागलाच तर हात लावून छातीला न्यायचा. मालकांनी यंत्रावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. सरांनी हात जोडले. मग त्यांनी गिटार गळ्यात घातली आणि कुंकवाचं बोट उठलेल्या बटणावर नवाकोरा बूट ठेवला.

"ए ए ए! पाय?" मालक ओरडले.

"मालक, हे पायानंच दाबायचं असतं. फ्लोअर युनिट म्हणतात याला."

"मंग आधी सांगायचं! पूजाच केली नसती."

"तुम्ही विचारलं कुठं?"

"देवाला हळदकुंकू लावताना विचारतंय का कोणी, की बाबा तुला लाथ मारायची हाय का?"

"पुसून टाकू मालक," बेसवाला म्हणाला. "कुंकूच तर हाय."

मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून चहा सांगायला गेला.

झालेली पूजा परत घेता येत नाही. यंत्राखाली टेबल आलं, टेबलावर लाल कापड आलं. आता बटणं हाताने दाबायची, आणि सरांचे दोन्ही हात गिटारवर. सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ऑर्केस्ट्रातली माझी जागा गेली होती ती अशी परत मिळाली. फक्त तिच्यात गिटार नव्हती.

"वझं कशाला आणता गुरुजी," मालक म्हणाले. "नुसते या."

तरी मी गिटार घेऊन गेलो.

कार्यक्रम शहागडला होता, हायवेवरच्या एका नव्या ढाब्याच्या उद्घाटनाचा, दुपारच्या जेवणाआधी. मी लाल कापडाच्या टेबलामागे सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखा बसलो. एका पाहुण्याने यंत्रापुढे दहाची नोट ठेवून नमस्कार केला. तिसऱ्या गाण्याला सरांनी मान हलवून खूण केली. मी समेवर बटण दाबलं, त्यांनी माझे चार कॉर्ड वाजवले, मी बरोबर समेवर पुन्हा दाबलं. मुद्दाम अर्धी मात्रा चुकवता आली असती. ते सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं सम धरणाऱ्या हाताला ते जमलं नाही. कॉर्ड फिरू लागले. माझ्याशिवाय, आणि नेमके.

कडवं संपलं. मालक ढाब्याच्या मालकाला हार घालायला गेले, परत येता येता त्यांनी एका म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि भलत्याच ठिकाणी ओळ उचलली. ऑक्टोपॅडवाला सवयीने त्यांच्याकडे वळला. यंत्र वळलं नाही. मालक पुढे, कॉर्ड मागे, बेसवाला मधोमध. मालकांनी गाता गाता माझ्याकडे डोळे वटारले. मी दोन्ही हात वर करून दाखवले. शेवटी मी बटण दाबून कॉर्ड बंद केले, तेव्हा सगळा मंडप एकदम शांत झाला आणि हायवेवरचे ट्रक ऐकू आले.

मंडपामागे मालकांनी मला धरलं.

"गुरुजी, बराबर दाबलं न्हाई तुम्ही."

"बरोबर दाबलं. तुम्ही मध्येच उचललं."

"इतकी वर्षं मध्येच उचलून राह्यलो का मी?"

"हो."

"मंग तवा कसं जमायचं?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. इतकी वर्षं ते माझी गिटार ऐकतच नव्हते हे मला तेव्हा कळलं. मी सावरतोय हे ऐकू येऊ नये म्हणूनच तर मी तसं वाजवत होतो. मी सरांकडे वळलो.

"सर, तुम्ही सांगा. कोण चुकलं?"

सरांना सगळं ठाऊक होतं. क्लासमध्ये ते पोरांना समेवरून झोडपतात. त्यांनी बुटाच्या टोकाकडे पाहिलं.

"टायमिंगचा जरा प्रॉब्लेम झाला," ते म्हणाले. "मशीन तर चुकत नाही."

"चुकंल कसं," मालक म्हणाले. "पूजा केलेली हाय."

मी गिटार उचलली आणि फाट्यावरून अंबडची एसटी धरली. परत बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी मी गेलो नसतो. त्या टेबलामागे बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

महिन्याभराने बेसवाल्याचा फोन आला.

"सर आता पाय धुऊन स्टेजवर चढून राह्यलेत," तो म्हणाला. "बूट काढायचे, वाकून पाया पडायचं, मंग आंगठ्यानं दाबायचं. मालकानं तेवढी सूट देली. लोकांला वाटतं लई भक्ती हाय मानसाची."

"आणि कॉर्ड कोण वाजवतं?"

"मशीनच."

"बरोबर वाजतं?"

"बिलकुल बराबर. घड्याळावानी. मालकाला घसा दाखवायला डॉक्टरकडं घेऊन चाललोय मी. म्हनत्यात, हल्ली गाण्यात मागंपुढं होतंय, घशातच काहीतरी बिघडलं."