कमरेपाशी आलेला बॉल

दोन वर्षं मी एका उंच मुलासमोर झाडू धरून उभा होतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, जळगावात, कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर, रोज सकाळी साडेसहा ते आठ. माझ्या उजव्या मनगटात अजून कळ येते. डॉक्टर विचारतात, जुनी काही इजा? मी नाही म्हणतो. झाडू धरून मनगट गेलं हे पहिल्यापासून समजावून सांगायचा आता कंटाळा येतो.

अकरावीला आमच्या वर्गात रावेरकडचा एक मुलगा आला. घरची केळीची बाग. वर्गाच्या दारातून आत येताना तो मान वाकवायचा आणि आत आल्यावर ती सरळ करायला विसरायचा. बास्केटबॉल त्याने जन्मात पाहिला नव्हता. आमच्या खेळाच्या सरांनी त्याला फीच्या रांगेतून बाहेर काढलं. कॉलरला हात पुरला नाही म्हणून मनगट धरून काढलं आणि थेट रिंगखाली आणून उभं केलं. तिथे आम्ही चारपाच जण होतो. त्यात सगळ्यात बुटका मी.

त्यानंतर गावातला प्रत्येक माणूस त्याचा खेळ सुधारायला निघाला. झेरॉक्सवाला त्याला भिजवलेले हरभरे खायला सांगे. खाणावळीतले काका कच्ची अंडी सुचवत. कोणी म्हणे, रोज अर्धा तास दांडीला लटकत जा. अरे, लटकून काय करणार? तो आधीच दारात वाकून येत होता. पण त्याच्या बाबतीत लोकांना उंचीपलीकडचं काही सुचतच नसे. तो बिचारा सगळ्यांचं ऐकायचा आणि हरभरेही खायचा.

सरांची कल्पना निराळी होती. त्यांचं म्हणणं, याच्यासमोर याच्याहून उंच माणूस उभा करून सराव दिला पाहिजे, नाही तर मोठ्या सामन्यात हा बावचळेल. असा माणूस जळगावात सापडेना. मग सरांनी शिपायाकडून जळमटं काढायचा झाडू आणला, बांबूला बांधलेला, आणि तो माझ्या हातात दिला. त्या मुलाने बॉल टाकायला हात उचलले की मी झाडू वर करायचा आणि त्याने झाडूवरून बॉल रिंगमध्ये घालायचा. मी म्हटलं, सर, रोज मीच का? सर म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या हातात दिला तर त्याचा सराव बुडतो. तुझा काय बुडणार?"

ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. मलाही संघात यायचं होतं. जिल्ह्याच्या संघात मी राखीव होतो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. त्याच्यापुढची पायरी विभागाच्या संघाची होती आणि तिथे माझं नाव लागावं असं मला फार वाटायचं. हे मी कोणाला बोललो नव्हतो, कारण बोललो असतो तर लोक हसले असते. आमचं घर मूळचं धरणगावकडचं. सुजलेल्या मनगटाला हळद लावता लावता आई म्हणायची, "बठ्ठा येळ झाडूच धरी ऱ्हास का तू? काय भेटस तुले तठे?"

भेटायचं काहीच नाही, असं मात्र नव्हतं. सरावाची शेवटची पंधरा मिनिटं झाडू बाजूला ठेवून आम्ही दोघं समोरासमोर खेळायचो. त्याने रिंगखाली बॉल घ्यायचा, मी अडवायचं. आणि तिथे मी त्याच्या हातातला बॉल काढायचो. एकदा नाही, दहातल्या सहासात वेळा. बोर्डावर आपटून खाली येणारा बॉल तो सगळ्यांच्या डोक्यावरून झेलायचा, तिथे कोणाचाही हात पोचत नसे. पण झेलला की गुडघ्यात वाकायचा आणि दोन्ही हातांनी बॉल अंगाशी घेऊन थेट कमरेपर्यंत खाली आणायचा. कमरेपाशी मी होतोच. खालून एक टिचकी मारली की बॉल माझा.

सर अर्ध्या मैदानावरून ओरडायचे, "हात बघा याचे! हात आहेत का काय!" दोन वर्षांत सरांनी माझं केलेलं एवढंच कौतुक.

सरांचे डोळे कायम रिंगवर असत, त्यामुळे बॉल खाली येतो हे त्यांना दिसलंच नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की माझे हात विजेचे आणि त्याची पकड कच्ची. पकडीसाठी त्यांनी त्याला ओलं गोणपाट पिळायला लावलं. रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या नळाखाली तो गोणपाट भिजवायचा आणि पिळायचा, भिजवायचा आणि पिळायचा. तळहात सोलून निघाले. मी शेजारच्या कट्ट्यावर बसून बघायचो. तुला उंची आहे तेवढी पुरे, बॉल झेलल्यावर वरच ठेव, हे एक वाक्य सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण ते सांगितलं असतं तर माझे विजेचे हात त्याच दिवशी संपले असते. मग माझ्याकडे झाडू तेवढा उरला असता. मला त्याचा राग नव्हता, हेवा होता, आणि हेवा कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

बारावीच्या दिवाळीत तो मला आपल्या गावी घेऊन गेला. बागेत कापणी चालू होती. त्याचे वडील विळ्याने घड कापत होते आणि हा खाली उभा राहून झेलत होता. मी बांधावर केळी खात बसलो होतो, आणि खाता खाता थांबलो. घड सुटला की हा दोन्ही हातांत घ्यायचा, गुडघ्यात वाकायचा आणि घडाबरोबर खाली खाली जात कमरेपाशी थांबायचा. मग हलकेच पाल्यावर ठेवायचा. मैदानावर तो जे करत होता तेच, तंतोतंत. लहानपणापासून हजारो घड त्याने असेच झेलले असणार.

वडिलांना वाटलं मला कापणीत रस आहे. म्हणाले, "असा अंगासंगं खाली नेला ना भाऊ, का त्याले दणका नही लागत. दणका लागला का दोन दिवसात काया पडते, डाग धरते." मी मान डोलावली.

रात्री जेवणं झाल्यावर ते ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. कंबर धरून बसले, सावकाश. म्हणाले, "तुमी त्याच्यासंगं खेयता ना भाऊ? जरा ध्यान ठेवा त्याच्यावर. औंदा नाव लागलं तं शिकू दे पुढे, खेयू दे. नही लागलं तं बागेत यावं लागीन. मले आता एकट्याले नही होत." त्यांचा आवाज सक्तीचा नव्हता, थकलेला होता. मी म्हटलं, हो, ठेवतो ना ध्यान.

जळगावला परतलो तेव्हा आता सांगू असं मी ठरवलं होतं. पहिल्या सकाळी सर म्हणाले, या वर्षी तुझंही नाव विभागाच्या चाचणीला पाठवतोय, हातांवर. मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग परीक्षा आली.

निवडचाचणी बारावीची परीक्षा झाल्यावर, भर उन्हाळ्यात, धुळ्याला होती. सर आम्हा दोघांना घेऊन पहाटेच्या एसटीने निघाले. मैदान एका शाळेचं. नऊ वाजताच सिमेंट इतकं तापलं की बुटाच्या तळव्यातून चटका बसत होता. झाडाखाली खुर्च्या टाकून तीन निवड करणारे बसले होते, गुडघ्यावर वह्या घेऊन. आल्या आल्या त्यांची नजर याच्यावर गेली, आणि कोणाचीही गेली असती. तिघांतला एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले, खुशीत. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लागलं म्हणाले, याचं लागलं.

पोरांचे गट पाडले. अर्धे बनियनवर, अर्धे शर्टात. तो बनियनवर, मी शर्टात, म्हणजे समोरासमोर. आमच्यातल्या एका धुळ्याच्या मुलाने मला विचारलं, "याले कसा रोकाना?" मी म्हटलं, तुम्ही बाकीच्यांना बघा. याला मी बघतो.

मी गेलो नसतो तर दुसरं कोणी गेलं असतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. खरं असं की ती जागा फक्त मला ठाऊक होती. पहिला बॉल त्याने सगळ्यांच्या वर झेलला, वाकला, खाली आणला, आणि मी टिचकी मारली. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. चौथ्यानंतर निवड करणाऱ्यांपैकी एक जण वहीत काहीतरी लिहायला लागला. मग खेळताना त्याच्या हातून साधे पासही सुटायला लागले. पायांत गोळे आले होते माझ्या, तरी मी थांबलो नाही.

दुपारी शाळेच्या भिंतीवर यादी लागली. माझं नाव शेवटून दुसरं. त्याचं नव्हतं. त्याने ती यादी दोनदा वाचली. त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं, यादी आमच्यासारख्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवली होती.

परतीच्या एसटीत सर पुढे बसले आणि पारोळा यायच्या आतच झोपले. झोपायच्या आधी मागे वळून मला म्हणाले, "हात बघितले त्यांनी तुझे." मग त्याला म्हणाले, "तुझी पकड कच्चीच राहिली रे." तो हो म्हणाला. त्याचे पाय सीटमध्ये मावत नसल्यामुळे त्याने ते मधल्या वाटेत सोडले होते आणि दर थांब्याला उतरणारी माणसं ते ओलांडून जात होती. खिडकीतून तापलेला वारा येत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "भो, तू दोन वर्सं माह्यासमोर उभा राह्यला. माह्यं काय चुकते?"

मला वाटतं मी दमलो होतो. लपवून ठेवायचंही शेवटी ओझं होतं. मी सांगितलं. बॉल झेलल्यावर खाली आणतोस. वरच ठेवायचा, हनुवटीच्या खाली येऊच द्यायचा नाही.

त्याने दोन्ही हात वर करून पाहिले. ते बसच्या छताला टेकले. "नुसता वर ठेवाचा?"

"हो."

"बस?"

"बस."

"तुले कवा समजलं हे?"

"आजच," मी म्हणालो. "आज खेळताना."

त्याने विश्वास ठेवला. तो कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा. एरंडोल गेल्यावर म्हणाला, "महिनाअखेरपरेंत खोली हाये माह्याकडे. उद्या येशीन का सकायी? मले दाखव ते."

निवड संपलेली, परीक्षा संपलेली, सर सुट्टीवर. मैदानावर आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी प्रत्येक बॉल खाली आला. दोन वर्षांचं काय, सबंध आयुष्याचं वळण होतं ते. दुसऱ्या दिवशी झेलताना तो स्वतःशीच मोठ्याने म्हणायला लागला, वर, वर, वर. तिसऱ्या दिवशी निम्मे बॉल वर राहिले. मी अगदी खरं खेळत होतो, एकही सोडत नव्हतो, एवढं तरी मी त्याचं देणं लागत होतो. चौथ्या, पाचव्या दिवशी माझा हात त्याच्या कोपरापर्यंत जाऊन रिकामा परत यायला लागला. सहाव्या दिवशी पंधरा मिनिटांत मला एकही बॉल मिळाला नाही. त्याने झेलावा, वरच धरावा, वळावं आणि वरच्या वर रिंगमध्ये टाकावा. मी खाली नुसता उड्या मारत होतो. सहा दिवस लागले त्याला. दोन वर्षं नव्हे, सहा दिवस.

त्याच सकाळी त्याचे वडील त्याला न्यायला आले होते. हॉस्टेलवर भेटला नाही म्हणून विचारत विचारत मैदानावर आले आणि कडेला, हॉस्टेलवरून उचलून आणलेल्या त्याच्या वळकटीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिले. तो तोंड धुवायला नळावर गेला तेव्हा मी त्यांच्यापाशी गेलो. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण डोळे होते.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमाले तं एक बी नही भेटला त्याच्याकून. इतका चांगला खेयते, मंग त्याले घेतलं काहून नही?"

तो नळावरून येताना दिसत होता, ओले केस मागे सारत, मान ताठ.

"धुळ्याला याच्याहून उंच पोरं आली होती," मी म्हणालो.

"असं व्हय," म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि ते उठले.

धुळ्याला त्याच्याएवढं उंच कोणीही आलेलं नव्हतं.