अठ्ठावन्नचं अठ्ठावन्नला!

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की माझा मोबाइल वाजला नाही. साधा मेसेज टुंग करून आला तरी मी खुर्चीत दचकते. पीएफ भरल्याचा मेसेज आला की तर ठरलेलंच! या महिन्यात दचकलेच नाही. मागच्या महिन्यात? आठवेना.

मुरबाडच्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसला आहे. ठेकेदाराच्याच पगारावर. इथं हजेरीपेक्षा किस्सेच जास्त भरतात. पगारातून कापून न घेता साठलेली ही माझी एकमेव गोष्ट!

*

पॅकिंगमधला रोशन, वय बावीस. म्हटलं, "पीएफ काढू नको रे, म्हातारपणी लागेल."

"मॅडम, अठ्ठावन्नचं अठ्ठावन्नला बघू. आता हळदीला डीजे सांगायचाय!"

नोकरी सोडली, पीएफ काढला, हळद दणक्यात झाली. मीही गेले होते. रोशनचं म्हातारपण स्पीकरवर धडधडत होतं आणि अख्खा गाव त्यावर नाचत होता. संताप संताप झाला. मटण मात्र चांगलं होतं.

दोन महिन्यांनी पठ्ठ्या परत गेटवर हजर. "मॅडम, पहिल्यापासून कापा!"

*

मग कंपनीनं मुंबईहून एक साहेब बोलावले. तरुणांनी बचत लवकर का सुरू करावी, यावर तासभर भाषण. "रोजची एक कॉफी सोडा, बघा निवृत्तीला किती होतात!"

मागून डोळखांबकडच्या पाड्यावरची वनिता उठली. वय एकोणीस.

"सर, आमी कोरा चहा पितो. त्यातली साखर सोडू काय?"

साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

*

या वनिताला मीच पटवलं. ठेकेदार नव्या माणसाला विचारतो, "पीएफ कापू की हातात देऊ?" कायद्यानं असं विचारायचंच नसतं. पण विचारतो, आणि सगळे हातात मागतात. वनितानंही तेच मागितलं होतं.

मी म्हटलं, "तुझी आई या वयात वीटभट्टीवर का जाते गो?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीशी आली. "ताई, माजा कापा."

तेव्हापासून दर पगाराला तिचा एकच प्रश्न, "ताई, माजं म्हातारपण कितीवर आलं?"

"वाढतंय गो," मी सांगायची. न बघता!

*

मेसेज आला नाही म्हणून परवा पीएफचं पासबुक उघडलं. माझं, वनिताचं, रोशनचं. पाच महिने कोरे! पगाराच्या स्लिपवर मात्र पाचही महिने कापलेले.

मॅनेजर म्हणाले, "तो ठेकेदाराचा विषय आहे. तू टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ! दोन दिवसांत मी ठेकेदाराला सतरा फोन केले. रिंग पूर्ण वाजायची, उचलायचा नाही.

*

आज जेवणाच्या सुट्टीत वनितानं विचारलंच. "ताई, कितीवर आलं?"

सांगून टाकलं. तिनं डबा बंद केला, हात पुसला आणि स्वतःचा मोबाइल माझ्यापुढं धरला.

"याच्यावरनं लावा. तुमचा नंबर बगून तो उचलायचा नाय."

"आणि तुझा?"

"माजा नंबर त्याला कशाला ठावा असंल!"

लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला, मी दचकले.

"हां बोला, कामासाठी ना? उद्याच या! आणि काय घाबरायचं नाय, आमच्याकडं सगळं रीतसर असतंय. पीएफ कापतो आमी!"